बिट उलटवायचं सोपं गणित, पण उत्तर दरवेळी ०

कोरीवही

नमस्कार मंडळी. प्रोग्रामिंग शिकायला लागून मला दीड महिना झाला, पायथन वापरते. सरावाच्या एका गणितावर काल संध्याकाळपासून अडकले आहे.

गणित असं आहे: एक पूर्णांक 'न' दिलेला आहे, ० पासून १०० कोटींपर्यंत कितीही. त्याचं बायनरी रूप लिहा, डावीकडे जादा शून्यं न लावता. त्यातला प्रत्येक अंक उलटवा. जे नवं बायनरी तयार होईल त्याची दशमान किंमत छापा. बायनरी करून देणारं तयार फंक्शन वापरायचं नाही. उदाहरणं दोन दिली आहेत: १२ दिले तर ३, आणि १० दिले तर ५.

माझा कोड खाली मराठीतच लिहिते, म्हणजे इतर भाषा वापरणाऱ्यांनाही वाचता येईल. % म्हणजे भागाकाराची बाकी, // म्हणजे बाकी सोडून भागाकार.

    अंक = ""
    जोपर्यंत न > ०:
        अंक = अक्षर(न % २) + अंक
        न = न // २

    नवे = ""
    अंक मधल्या प्रत्येक च साठी:
        जर च == "०":
            च = "१"
        जर च == "१":
            च = "०"
        नवे = नवे + च

पुढे 'नवे' ची किंमत काढते, तो भाग वेगळा तपासलाय, बरोबर आहे. पण काहीही दिलं तरी उत्तर ० येतं. कुठेतरी वाचलं की टिल्ड (~) चिन्हाने बिट, म्हणजे बायनरीतले अंक, उलटतात, म्हणून ~१२ करून पाहिलं, तर चक्क −१३ आलं. हे ऋण कुठून आलं तेही कळलं नाही.

सरळरेषा

उलटवा म्हणजे शेवटून सुरुवातीकडे वाचा. १२ म्हणजे ११००, उलटं केलं की ००११, म्हणजे ३. १० म्हणजे १०१०, उलटं ०१०१, म्हणजे ५. दोन्ही उदाहरणं जुळतात.

तुमचा दुसरा लूप लागतच नाही. पहिल्या लूपमध्ये नवा अंक पुढे जोडताय, तो मागे जोडा:

    अंक = अंक + अक्षर(न % २)

कोरीवही

धन्यवाद! दोन्ही उदाहरणांची उत्तरं आली. पण सबमिट केल्यावर १० पैकी ३ च टेस्ट केस पास झाल्या. बाकीच्या झाकलेल्या आहेत, त्यामुळे कुठे चुकतंय ते दिसत नाही.

अर्धविराम

थांबा, इथे गणिताच्या भाषेनेच घोळ केलाय. मराठीत 'उलटवणे'चे दोन अर्थ होतात. एक, क्रम उलटा करणे, म्हणजे शेवटचं पहिलं. दोन, प्रत्येक अंक जागच्या जागी पालटणे, म्हणजे ० चा १ आणि १ चा ०. प्रश्नात "प्रत्येक अंक उलटवा" असं आहे, म्हणून दुसरा अर्थ घ्यायचा. एकट्या अंकाचा क्रम काय उलटा करणार? मी या धाग्यात यापुढे 'पालटणे' म्हणते, म्हणजे गोंधळ नको.

सरळरेषा यांचा काही दोष नाही, कारण दिलेली दोन्ही उदाहरणं दोन्ही अर्थांनी जुळतात! ११०० पालटा, ००११. ११०० चा क्रम उलटा करा, तरी ००११. १०१० चंही तसंच. मला हे बघून इतकं नवल वाटलं की मी ८ ते १५ सगळे करून पाहिले. चार अंकी बायनरीत असे फक्त हेच दोन आकडे आहेत, १० आणि १२. प्रश्न तयार करणाऱ्याने नेमके तेच दोन उचलले.

हे कधी जुळतं तेही काढता येतं. पहिला अंक आणि शेवटचा अंक वेगळे हवेत, दुसरा आणि शेवटून दुसरा वेगळे हवेत, असं आत आत जायचं. अंकांची संख्या विषम असेल तर कधीच जुळणार नाही, कारण मधला अंक क्रम उलटा केला तर जागचा हलत नाही आणि पालटला तर बदलतो. म्हणून ५ घेऊन बघा. १०१ चा क्रम उलटा केला तर १०१ च राहतो, उत्तर ५. पालटला तर ०१०, उत्तर २. एवढ्या एका उदाहरणाने दोन अर्थ वेगळे झाले असते.

आता तुमची मूळ चूक. पहिला लूप तुम्ही लिहिला होता तोच बरोबर, पुढेच जोडा. घोळ दुसऱ्या लूपमध्ये आहे. कागदावर एकच अंक घेऊन चालवा. च मध्ये "०" आहे. पहिला 'जर' खरा ठरतो, च झाला "१". पुढची ओळ लगेच विचारते, च "१" आहे का? आहे, आत्ताच केला ना. मग तो पुन्हा "०" झाला. आणि मुळात "१" असेल तर पहिला 'जर' लागू नाही, दुसऱ्याने त्याचा "०" केला. म्हणजे काहीही आलं तरी शेवटी "०". दोन 'जर' ची जागा बदलली तर सगळे "१" होतील, करून बघा. दुसऱ्या 'जर' च्या जागी 'नाहीतर' हवा, म्हणजे दोघांतला एकच रस्ता चालेल.

सरळरेषा

बरोबर आहे तुमचं. मी फक्त उदाहरणं जुळवली, वाक्य नीट वाचलं नाही. कोरीवही, माझ्यामुळे तुमचा वेळ गेला, माफ करा.

आणि हीच चूक आणखी एका रूपात येते, ती सांगून ठेवतो, कारण ती मी स्वतः केली आहे. स्ट्रिंगमध्ये रिप्लेस वापरून आधी सगळ्या "०" च्या जागी "१" घालायचे आणि मग सगळ्या "१" च्या जागी "०". १०१ चं आधी १११ होतं आणि मग ०००. पहिल्या पायरीनंतर मुळातले १ कुठले आणि नवे १ कुठले हे ओळखायला काही उरतच नाही. मधे तिसरं चिन्ह घालावं लागतं: ० चा क्ष, मग १ चा ०, मग क्ष चा १. दोन व्हेरिएबलच्या किमती अदलाबदल करताना तिसरं लागतं, तेच कारण.

कोरीवही

कागदावर चालवल्यावर लगेच दिसलं! मी कोड वाचताना दोन्ही 'जर' एकाच वेळी लागू होतात असं मनात धरत होते. 'नाहीतर' घातल्यावर १० पैकी ९ पास. एक अजून अडतेय, बहुतेक न = ० ची.

सरळरेषा, माफी कशाला? तुमच्यामुळेच तर उदाहरणांमधली गंमत कळली.

आणि मला अहो-जाहो नका करू, सगळ्यात नवखी मीच आहे इथे.

अर्धविराम

ठीक आहे, मग 'तू'च म्हणते.

० ला तुझा पहिला लूप एकदाही चालत नाही, कारण 'न > ०' सुरुवातीलाच खोटं. 'अंक' रिकामा राहतो. पण शून्य लिहायलाही एक अंक लागतोच, "०" हा. तो पालटला की "१", म्हणून ० चं उत्तर १. सगळ्यात आधी न ० आहे का ते बघ आणि असेल तर १ छापून मोकळी हो.

आता एक सुचवू? स्ट्रिंगची गरज नाही. अंक आकडा म्हणूनच ठेवला तर पालटणं म्हणजे १ मधून वजा करणं. १ − ० = १, १ − १ = ०. 'जर' नाही, 'नाहीतर' नाही.

    उत्तर = ०
    स्थान = १
    जोपर्यंत न > ०:
        उत्तर = उत्तर + (१ − न % २) * स्थान
        स्थान = स्थान * २
        न = न // २

१२ घेऊन चालव. उजवीकडून अंक येतात ०, ०, १, १. पालटून १, १, ०, ०. स्थानं १, २, ४, ८. बेरीज १ + २ = ३. ० ची वेगळी तपासणी इथेही लागेल, ती विसरू नकोस.

मेमरीपत्ता

~१२ चं −१३ का होतं हे राहिलं, ते मी घेतो. मला हा विषय फार आवडतो.

आधी ~ नेमकं काय करतं ते. तू दिलेल्या आकड्याचे ११०० एवढेच चार अंक ते पालटत नाही. आकडा ज्या चौकटीत ठेवला आहे त्या अख्ख्या चौकटीतले सगळे बिट पालटतं. चौकट ३२ बिटची असेल तर १२ म्हणजे आधी २८ शून्यं आणि मग ११००. पालटल्यावर २८ एक आणि मग ००११.

आता हे ऋण का वाचलं जातं? कुठलाही आकडा आणि त्याचा पालटलेला आकडा यांची बेरीज कर. प्रत्येक जागी एकात १ आणि दुसऱ्यात ० असतो, म्हणून बेरीज सगळीकडे १. हातचा कुठेच नाही. मग सगळे १ असलेला आकडा म्हणजे किती? त्यात १ मिळवून बघ. शेवटचा अंक ० होतो आणि हातचा पुढे जातो, तोही ० होतो, असं करत हातचा डाव्या टोकाला चौकटीबाहेर पडतो आणि उरतात सगळी शून्यं. गाडीच्या मीटरवर ९९९९९ नंतर ००००० यावं तसं. ज्याच्यात १ मिळवला की ० होतं तो आकडा −१. म्हणजे न + ~न = −१, म्हणून ~न = −न − १. १२ चं −१३, ५ चं −६, ० चं −१. या पद्धतीला टूज कॉम्प्लिमेंट म्हणतात.

पायथनमध्ये तर पूर्णांकाला ठरलेली चौकट नसतेच. तिथे ~ असं वागतं की डावीकडे शून्यांची न संपणारी रांग होती आणि तिची एकांची न संपणारी रांग झाली.

कोरीवही

बेरीज सगळीकडे १ आणि त्यात १ मिळवला की शून्य, हे तीनदा वाचलं. आता −१३ बघून काही वाटत नाही, तसंच यायला हवं.

पण एक प्रश्न पडला. पालटलेलं पुन्हा पालटलं तर मूळ आकडा यायला हवा ना? ~ दोनदा केलं तर १२ परत येतो, करून पाहिलं. पण माझ्या बरोबर उत्तराच्या प्रोग्रामला ३ दिले तर १२ येत नाही, ० येतं. मग ० दिले तर १. मग पुन्हा ०. माझा कोड चुकलाय की गणितच असं आहे?

अर्धविराम

कोड बरोबर आहे. आणि हा प्रश्न फार चांगला विचारलास, या अख्ख्या गणिताचं मर्म त्यातच आहे.

११०० पालटून ००११ झालं. त्याची किंमत ३ लिहिलीस त्या क्षणी डावीकडची दोन शून्यं गेली. ३ हा आकडा कुणाला सांगत नाही की मी चार अंकी होतो. पुढच्या वेळी प्रोग्रामने ३ म्हणजे ११ एवढंच पाहिलं, पालटून ००, म्हणजे ०.

आकड्याला स्वतःची रुंदी नसते. रुंदी आपण ठरवतो. 'पालटा' हा शब्द किती अंक पालटायचे ते सांगितल्याशिवाय पुरा होत नाही. तुझ्या गणितात रुंदी दर आकड्याला वेगळी आहे, पहिल्या १ पासून उजवीकडे जेवढे अंक तेवढी. पालटल्यावर पहिला १ नक्की ० होतो, म्हणून ० आणि १ सोडले तर रुंदी दरवेळी निदान एकाने घटते आणि परतीचा रस्ता बंद होतो. रुंदी ८ ठरवून दिली तर १२ म्हणजे ००००११००, पालटून ११११००११, म्हणजे २४३. आणि २४३ पालटले की बरोबर १२. ३२ ठरवली तर १२ चे ४२९४९६७२८३ होतात, तिथूनही परत येता येतं.

म्हणून असं गणित समोर आलं की कोड लिहायच्या आधी मी कागदावर एकच गोष्ट लिहिते: रुंदी किती? सरावाच्या संकेतस्थळांवर हेच गणित दोन्ही रूपांत भेटतं. एकात "डावीकडची शून्यं धरू नका" असतं, दुसऱ्यात "३२ बिटचा अनसाइन्ड पूर्णांक" असतं, अनसाइन्ड म्हणजे ज्यात ऋण आकडे नसतात असा. नाव जवळपास सारखं आणि उत्तरं पूर्ण वेगळी.

कोरीवही

म्हणजे ३२ बिटवाल्यात ५ चं उत्तर ४२९४९६७२९० येणार आणि माझ्यात २. ३२ एक म्हणजे ४२९४९६७२९५, त्यातून ५ वजा केले. बरोबर ना? मी अंक पालटलेच नाहीत, नुसती वजाबाकी केली. हे नेहमी चालेल का?

मेमरीपत्ता

नेहमी. वर बेरीज सगळीकडे १ येते म्हणालो, तेच इथे वजाबाकीच्या बाजूने दिसतंय. सगळे १ असलेल्या आकड्यातून काहीही वजा केलं तर कुठेच उसना घ्यावा लागत नाही, दर जागी १ − ० किंवा १ − १. त्या सगळे-१ आकड्याला इथे मास्क म्हणू. मास्क वजा न, किंवा मास्क एक्सॉर न, दोन्हीचं उत्तर एकच. एक्सॉरमध्ये १ शी गाठ पडलेला बिट पालटतो आणि ० शी गाठ पडलेला तसाच राहतो. त्यामुळे मधलेच काही बिट पालटायचे असतील तर वजाबाकी चालणार नाही, एक्सॉरच लागेल.

तुझ्या गणितासाठी मास्क असा बनतो:

    मास्क = १
    जोपर्यंत मास्क < न:
        मास्क = मास्क * २ + १
    छापा(मास्क − न)

मास्क १, ३, ७, १५ असा वाढतो. १२ ला १५ वर थांबतो, १५ − १२ = ३. ७ ला ७ वरच थांबतो, उत्तर ०. ८ ला १५, उत्तर ७. आणि ० बघ: मास्क १ पासून सुरू होतो, लूप चालत नाही, १ − ० = १. शून्यासाठी वेगळा 'जर' लागलाच नाही. १०० कोटींना मास्क १०७३७४१८२३, म्हणजे ३० एक, आणि उत्तर ७३७४१८२३.

सरळरेषा

रुंदी लॉगने काढली तर? न चा २ पायाचा लॉग घ्यायचा, पूर्णांकापर्यंत खाली आणायचा आणि १ मिळवायचा. लूप वाचतो.

मेमरीपत्ता

१०० कोटींपर्यंत चालेल, ० सोडून, कारण ० ला लॉग नसतो. पण ही सवय लावून घेऊ नका. दशांश आकडे संगणकात ५३ बिटांच्या अचूकतेने ठेवले जातात. २ चा ६० वा घात वजा १, म्हणजे ११५२९२१५०४६०६८४६९७५, घेऊन बघा. दशांशात जाताना तो जवळच्या आकड्यावर, म्हणजे २ च्या ६० व्या घातावर जातो. लॉग नेमका ६० आणि तुमची रुंदी ६१. खरी ६० आहे. एका बिटाने चुकलं की अख्खं उत्तर चुकलं. पूर्णांकाचं काम पूर्णांकातच करावं. पायथनमध्ये बिटची लांबी देणारं तयार फंक्शन आहे, पण ते ० ची लांबी ० देतं, तेवढं सांभाळायचं.

सी वापरणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी लिहून ठेवतो, कारण हा धागा पुढे कुणी शोधत येईलच.

३२ बिटवाल्या गणितात अनसाइन्ड प्रकार घ्या आणि छापतानाही अनसाइन्डचाच फॉरमॅट द्या. बिट अचूक पालटलेले असूनही साइन्डच्या फॉरमॅटने छापले म्हणून ऋण दिसतं, आणि माणूस तासभर बरोबर असलेला कोड शोधत बसतो. दुसरं, साध्या ३२ बिट पूर्णांकात १ ला ३१ जागा डावीकडे सरकवू नका, आणि कुठल्याही ३२ बिटच्या आकड्याला ३२ जागा सरकवू नका. भाषेच्या नियमांत या दोन्हींचं उत्तर ठरलेलं नाही. दुसऱ्यात बरीच यंत्रं ० देत नाहीत, जागाच न हलवता १ परत देतात. ६४ बिटचा अनसाइन्ड १ घेऊन सरकवा. तिसरं, ८ बिटच्या चौकटीत १२ ठेवून ~ केलं तर २४३ येईल असं वाटतं, पण हिशेब करण्याआधी सी तो आकडा मोठ्या पूर्णांकात नेतं आणि −१३ येतं. पुन्हा ८ बिटच्या चौकटीत ठेवलं की मग २४३.

जावास्क्रिप्टमध्ये ~ कायम ३२ बिट साइन्ड समजून काम करतं. उत्तराला तीन बाणांच्या उजव्या सरकवणीने ० जागा सरकवलं, म्हणजे >>> ०, की तेच बिट अनसाइन्ड म्हणून मिळतात.

जाळीदार

धागा वाचतोय. नेटवर्कच्या कामात हे रोज करतो, म्हणून लिहावंसं वाटलं. सबनेट मास्क (पत्त्याचा कुठला भाग नेटवर्कचा ते सांगणारे ३२ बिट) २५५.२५५.२५५.१९२ असेल तर त्याचा वाइल्डकार्ड मास्क, म्हणजे तेच बिट पालटलेले, ०.०.०.६३. चारही आकडे २५५ मधून वजा करायचे. शिकताना हे नुसतं पाठ केलं होतं, २५५ च का हे कुणी सांगितलं नव्हतं. ८ बिटची चौकट, ८ एक म्हणजे २५५, आणि ३२ बिट एकदम पालटण्याऐवजी आठ-आठचे चार तुकडे. मेमरीपत्ता यांची 'उसना लागत नाही' ही ओळ वाचली आणि बऱ्याच वर्षांनी ते पाठांतर समजलं. मनापासून आभार.

कृष्णधवल फोटोची निगेटिव्ह करतात तीही हीच ना?

अर्धविराम

हो. एका ठिपक्याला ८ बिट असतील तर ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा, आणि २५५ वजा किंमत म्हणजे निगेटिव्ह. निगेटिव्हची निगेटिव्ह काढली की मूळ फोटो परत मिळतो, कारण रुंदी ८ ठरलेली आहे. कोरीवहीच्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांना दिसतं तिथे.

जाता जाता, ऋण आकडे नुसते पालटून लिहिणारी यंत्रंही होऊन गेली. १९६४ चं सीडीसी ६६०० तसं होतं, ६० बिटच्या चौकटीचं. तिथे −१२ म्हणजे १२ चे बिट पालटलेले, बस. वाचायला किती सोपं! पण त्या पद्धतीत शून्यं दोन होतात, सगळे ० आणि सगळे १. पालटून वर १ मिळवायची पद्धत घेतली की दुसरं शून्य नाहीसं होतं. ~१२ हे −१२ न येता −१३ का येतं, त्यातला तो एकचा फरक हाच.

कोरीवही

१० पैकी १० पास!! मास्कवाला आणि १ − अंक वाला, दोन्ही स्वतः पुन्हा लिहिले, न बघता. मग दोन्ही प्रोग्राम ० पासून १ लाखापर्यंत चालवून उत्तरं जुळवली. पहिल्या खेपेला ० लाच फरक आला, कारण दुसऱ्यात ० ची तपासणी घालायची राहिली होती, अर्धविराम यांनी बजावूनसुद्धा. ती घातल्यावर सगळं जुळलं.

आता पुढचं गणित उघडलंय आणि तेही पालटण्याचंच आहे. ० आणि १ ची रांग दिली आहे. त्यातला एक सलग तुकडा निवडून तेवढाच पालटायचा, एकदाच. शेवटी जास्तीत जास्त किती १ होतील? रांग १०० अंकांपर्यंत. मला सगळे तुकडे करून बघायचं सुचतंय. पूर्ण उत्तर नको, फक्त दिशा सांगा.

अर्धविराम

१०० अंकांचे तुकडे ५०५० होतात. प्रत्येक तुकडा पालटून मोजलास तरी क्षणात होईल, आधी तसंच कर. ते चाललं की मग विचार कर: एका जागचा ० पालटला तर १ ची संख्या कितीने बदलते? आणि १ पालटला तर? ते बदल रांगेत लिहून काढ आणि त्या रांगेकडे बघ.

कोरीवही

०, १, १, ०, ०, १, ०, १ घेतली. बदल +१, −१, −१, +१, +१, −१, +१, −१. म्हणजे सगळ्यात मोठी बेरीज देणारा सलग तुकडा शोधायचा! इथे ती २ आहे, चौथ्या-पाचव्या जागेची. मुळात १ चार होते, उत्तर ६. सगळे तुकडे करून बघणाऱ्या प्रोग्रामनेही ६ च दिलं.

पण रांगेत सगळेच १ असतील तर? बदल सगळे −१, मग काहीच न पालटलेलं बरं.

सरळरेषा

या वेळी वाक्य नीट वाचून सांगतो. तू लिहिलंयस "एक सलग तुकडा निवडून, एकदाच". न पालटण्याची मुभा दिली आहे का ते मूळ प्रश्नात बघ. मुभा नसेल तर एक तरी १ घालवावाच लागेल, आणि पाच १ असतील तर उत्तर ४.

कोरीवही

बघितलं. "नेमका एकदा" असं आहे. म्हणजे सर्वात मोठी बेरीज शोधताना सुरुवात ० पासून नाही करायची, पहिल्या जागेच्या बदलापासून करायची. लिहिते आणि कळवते.